सायकलवर फोन: रस्ता दाखवायला आणि राइड नोंदवायला ॲप कसं वापरावं

सायकलला फोन लावला की त्याच्याकडून दोन कामं हवी असतात. पुढच्या चौकात कुठं वळायचं ते त्यानं सांगावं, आणि किती किलोमीटर झाले, किती वेळ लागला, किती चढ झाला याची नोंद ठेवावी. एकाच ॲपमध्ये दोन्ही सोयी असतात म्हणून हे एकच काम वाटतं. पण रस्ता दाखवायला नकाशा लागतो, चालू स्क्रीन किंवा आवाज लागतो. नोंदीला यातलं काहीच लागत नाही. तिला लागतो जीपीएसचा सिग्नल आणि स्क्रीन बंद झाल्यावरही ॲपला जागं राहायची मुभा. दोन तासांत बॅटरी संपली, ही बहुतेक वेळा रस्ता दाखवण्याच्या कामाची तक्रार असते. ४० किलोमीटरच्या राइडमधले १२च नोंदले गेले, ही नोंदीच्या कामाची. दुखणं कुठल्या कामाचं आहे ते ओळखता आलं की निम्मा उपाय हाती लागतो, म्हणून खाली ही दोन्ही कामं शक्य तितकी वेगळी ठेवली आहेत.

ॲप निवडताना

स्ट्राव्हाचा जोर नोंदीवर आणि तुलनेवर आहे. मार्ग आखायची सोय त्यात मुख्यतः पैसे भरणाऱ्यांसाठी आहे. कोमूट आणि राइड विथ जीपीएस यांचा जोर मार्ग आखण्यावर. रस्ता डांबरी की कच्चा, चढ कुठं आणि किती, हे त्यात निघण्याआधी पाहता येतं. ऑरगॅनिक मॅप्स आणि ओस्मअँड नकाशा फोनमध्ये उतरवून घेतात आणि मार्गही फोनमध्येच काढतात, त्यामुळे नेटवर्क नसलं तरी त्यांचं अडत नाही. ओस्मअँडमध्ये राइड नोंदवायची तर ‘ट्रिप रेकॉर्डिंग’ नावाचं प्लगइन (ॲपमधली वेगळी चालू करायची जोडसोय) आधी चालू करावं लागतं. ते मेनूत आत कुठंतरी असल्यामुळे ही सोयच नाही असा अनेकांचा समज होतो.

गूगल मॅप्स बहुतेकांच्या फोनमध्ये आधीपासून असतं आणि शहरातल्या शहरात ते वाईट नाही. मात्र त्याचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवला तरी नेटवर्क नसताना ते फक्त मोटारीचा मार्ग काढून देतं, सायकलचा नाही. डोंगरात रेंज गेल्यावर हे कळण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

वर सांगितलेल्या बाकीच्या ॲप्सच्या सायकल-मार्गांमागे ओपनस्ट्रीटमॅपची माहिती असते. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा स्वयंसेवक भरतात. भरणारी मंडळी जिथं कसोशीनं काम करतात तिथं पायवाटा, फाटकं, पायऱ्यासुद्धा नकाशात सापडतात. जिथं कुणी लक्ष घातलेलं नाही तिथं नुसती एक रेघ. एका ॲपनं एखाद्या ठिकाणी चुकवलं म्हणून दुसरं घ्यावं, तर तेही तिथंच चुकतं, ते यामुळेच.

निवडताना एवढं पाहा: सायकलचा मार्ग ऑफलाइन निघतो का, जीपीएक्स फाइल (मार्ग किंवा राइड एका ॲपमधून दुसऱ्यात न्यायची फाइल) आत घेता आणि बाहेर काढता येते का, स्क्रीन बंद असताना आवाजात वळणं सांगतं का, आणि राइड कुणाला दिसावी हे तुम्हाला ठरवता येतं का. एक ॲप रस्त्यासाठी आणि दुसरं नोंदीसाठी, असं एकत्र चालवायलाही हरकत नाही. फोनमधली जीपीएसची चिप एकच असते. दोघांनी तिच्याकडून माहिती घेतली म्हणून तिचा खर्च दुप्पट होत नाही.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही

फोन उपग्रहांना काहीही पाठवत नाही, फक्त त्यांचे सिग्नल ऐकतो. अमेरिकेच्या जीपीएसखेरीज रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बायडू हे उपग्रहही आजचे बहुतेक फोन वापरतात. इंटरनेटचा उपयोग होतो तो सुरुवातीला: कुठला उपग्रह आत्ता नेमका कुठं आहे ही माहिती नेटवरून पटकन मिळते. नेट नसेल तर फोन ती उपग्रहाकडूनच घेतो, आणि एका उपग्रहाकडून ती पूर्ण यायला सिग्नल न तुटता साधारण अर्धा मिनिट लागतं. छताखाली, जिन्यात किंवा पार्किंगमध्ये सिग्नल तुटत राहतो आणि हे अर्धं मिनिट काही पूर्ण होत नाही. म्हणून उघड्यावर यायचं, ॲप उघडायचं, हेल्मेट आणि हातमोजे चढवेपर्यंत फोनला आकाश दिसू द्यायचं, आणि मग ‘स्टार्ट’ दाबायचं.

मोकळ्या आकाशाखाली फोन जागा साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर सांगतो. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून लांबच्या वाटेनं येतो, म्हणून तिथं चूक वाढते. एअरप्लेन मोडमध्येही आजच्या फोनचं जीपीएस चालू राहतं. नोंद होत राहते, बॅटरीही वाचते, पण फोन येणार नाहीत आणि घरच्यांना तुमचं लोकेशन दिसणार नाही.

परवानग्या: हा भाग घाईत उरकू नका

अर्धवट नोंदींचं सगळ्यात मोठं कारण जीपीएस नसून बॅटरी वाचवणारी यंत्रणा असते. स्क्रीन बंद झाली की फोन मागे चालणारी ॲप्स एकेक करून झोपवतो. कुणाला सोडायचं हे तुम्ही सांगितलं नसेल तर राइडचं ॲपही त्यात जातं.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात तुमचं ॲप, त्यात ‘बॅटरी’ असं जा आणि ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. ‘ऑप्टिमाइझ्ड’वर ठेवलं तर काही फोनमध्ये चालतं, काहींत नाही. यावर भर म्हणून अनेक कंपन्यांनी स्वतःच्या आणखी अटी घातलेल्या असतात. ‘ऑटोस्टार्ट’, ‘स्लीपिंग ॲप्स’, ‘बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी’ असली नावं सेटिंग्जच्या शोधात टाकून पाहा आणि जिथं जिथं तुमचं ॲप दिसेल तिथं त्याला सूट द्या. लोकेशनच्या परवानगीत ‘ॲप वापरताना’ हा पर्याय बहुतेकांना पुरतो, काही ॲप्स ‘कायम’ मागतात. त्याखालचं ‘प्रिसाइज लोकेशन’ मात्र चालूच हवं. ते बंद असेल तर ॲपला फक्त ढोबळ परिसर कळतो आणि राइडची रेघच उमटत नाही. ॲपच्या नोटिफिकेशनही चालू ठेवा. नोंद चालू असताना वरच्या पट्टीत एक न हलणारी सूचना राहते; ती म्हणजे ॲप जागं असल्याची खूण. थांबाल तेव्हा पट्टी खाली ओढून ती आहे ना, एवढं पाहिलं तरी पुढची निराशा टळते.

आयफोनवर सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘लोकेशन सर्व्हिसेस’, त्यात ॲप. इथंही ‘प्रिसाइज लोकेशन’ चालू हवं. ॲपनं ‘मोशन अँड फिटनेस’ची परवानगी मागितली तर द्या, कारण उंची मोजणाऱ्या सेन्सरची माहिती त्याच वाटेनं मिळते. आणि मधेच ॲप वर सरकवून बंद करायची सवय असेल तर राइडपुरती ती आवरा. तसं बंद केलं की नोंद तिथंच थांबते.

दोन्हींवर, बॅटरी सेव्हर किंवा लो पॉवर मोड राइडच्या वेळी बंद. बॅटरी वाचवायचे चांगले मार्ग पुढे आहेत.

फोन कुठं ठेवायचा

रस्ता बघायचा नसेल, फक्त नोंद हवी असेल, तर फोन खिशात. जर्सीच्या मागच्या खिशात तो सगळ्यात सुखरूप राहतो आणि तिथं सिग्नलही व्यवस्थित मिळतो. घाम लागू नये म्हणून साधी झिपची प्लास्टिक पिशवी पुरते. ओळखीच्या रस्त्यावर हँडलवर फोन लावणं म्हणजे विनाकारण एक जोखीम घेणं.

नकाशा बघायचाच असेल तर माउंट, म्हणजे हँडलवर फोन धरून ठेवणारा पकड-स्टँड, घ्या. घेण्याआधी हँडलबारची जाडी मोजा. बऱ्याच आधुनिक सायकलींत स्टेमजवळ (हँडलबारला मधोमध धरणाऱ्या तुकड्याजवळ) ती ३१.८ मिलिमीटर असते, जुन्या सायकलींत २५.४, आणि सरळ हँडलबारला ग्रिपच्या बाजूला २२.२. माउंट सैल बसत असेल तर रबराची पट्टी मधे घाला. स्क्रू जास्त आवळून काम भागवू नका, कार्बनच्या हँडलबारला तर मुळीच नाही. फोन शक्यतो स्टेमच्या वर मधोमध असावा. बाजूला लावला तर वळताना गुडघ्याला किंवा ब्रेकच्या केबलला लागतो. सिलिकॉनच्या ताणपट्ट्या सपाट रस्त्याला ठीक, पण उन्हापावसात त्या कडक होऊन फाटतात. फिरवून लॉक होणारं कव्हर महाग पडतं, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर तेच टिकतं. कुठलंही लावलं तरी पुढचं चाक हातभर उचलून दोन-तीनदा आपटून बघा. फोन कोनातून हलला तर रस्त्यावरही हलणार. जोडीला मनगटाची दोरी हँडलबारला अडकवून ठेवली तर फोन निसटला तरी चाकाखाली जात नाही.

कॅमेऱ्याचंही ध्यानात ठेवा. मोटरसायकलच्या जोरदार इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं, असं ॲपलनं २०२१ साली जाहीर केलं होतं. सायकलला इंजिन नसतं, त्यामुळे डांबरी रस्त्यावर काळजीचं कारण नाही. दगडगोट्यांच्या वाटेवर तासन्‌तास जायचं असेल तर फोन खिशात आणि सूचना आवाजात, हे उत्तम.

उन्हाचा त्रास अनेकांना अनपेक्षित असतो. आयफोन वापरायला बाहेरचं तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असावं असं ॲपल सांगतं, आणि काळ्या कव्हरातला, स्क्रीन पूर्ण उजळलेला, चार्जिंगला लावलेला फोन त्याच्या पुढे सहज जातो. मग स्क्रीन आपोआप मंद होते आणि चार्जिंग थांबतं. फोन बिघडलेला नसतो, स्वतःला सांभाळत असतो. सावलीत पाच मिनिटं ठेवा. गार पाणी ओतू नका.

पावसात थेंबांना स्क्रीन बोटं समजते. नकाशा भलतीकडे सरकतो, कधी राइडच ‘पॉज’ होते. म्हणून पावसात स्क्रीन लॉक करा आणि आवाजावर चाला. चार्जिंगचं भोक ओलं असताना केबल लावू नका.

बॅटरीचा हिशोब

सगळ्यात जास्त खाते ती स्क्रीन, त्यातही दिवसाउजेडी दिसावी म्हणून पूर्ण उजळलेली. कमकुवत नेटवर्कच्या भागात टॉवर शोधत राहणारा मोबाइलचा रेडिओ दुसरा. जीपीएसचा नंबर त्यानंतर. उपायही याच क्रमानं: स्क्रीन बंद ठेवून आवाजात सूचना घेणं किंवा फक्त वळणाआधी स्क्रीन उजळेल अशी सेटिंग लावणं, नकाशा आधीच उतरवून मोबाइल डेटा बंद करणं, आणि शेवटी एअरप्लेन मोड.

दुसऱ्यांचे आकडे तुमच्या फोनला लागू पडत नाहीत, त्यामुळे स्वतः मोजा. एक तासाची राइड जशी करणार आहात तशीच करा आणि किती टक्के उतरली ते पाहा. समजा १४ टक्के. शेवटचे २० टक्के फोन करायला राखीव ठेवले तर उरले ८०. म्हणजे साडेपाच तासांवर भरवसा ठेवू नये. त्याहून मोठी राइड असेल तर पॉवर बँक. १०,००० एमएएचची पॉवर बँक ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरत नाही. व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत बरंच जातं, सव्वा-दीड वेळा धरून चाला. चार्जिंग ५ टक्क्यांवर सुरू करू नका, ५०-६० वर करा, म्हणजे केबल सैल निघाली तरी ते कळायला वेळ मिळतो. काटकोनात वळलेल्या टोकाची आखूड केबल हँडलवर कमी हेलकावते.

मार्ग आखणं

इथं घरी दिलेला अर्धा तास रस्त्यावरचे दोन तास वाचवतो.

आधी सायकलचा प्रकार निवडा: रोड, टूरिंग, ग्रॅव्हल, माउंटन. हा पर्याय शोभेचा नाही. ॲप प्रत्येक रस्त्याला मनात एक किंमत लावतं आणि सगळ्यात स्वस्त पडेल ती वाट देतं. प्रकार बदलला की किमती बदलतात. टूरिंगला मोठा वर्दळीचा रस्ता महाग आणि शेताकडेचा कच्चा रस्ता स्वस्त असू शकतो. बारीक टायरची सायकल घेऊन चिखलात उभं राहायची पाळी येते ती यामुळे. पृष्ठभागाची माहिती नकाशात भरलेलीच नसेल तर ॲप अंदाज करतं. काही ॲप्स असा भाग ‘अज्ञात’ म्हणून दाखवतात, तर त्याला कच्चा समजूनच निर्णय घ्या.

मार्ग निघाला की लगेच ‘सेव्ह’ करू नका. झूम करून रेघेवरून बोट फिरवत पूर्ण मार्ग एकदा पाहा. शोधायचं काय? पायऱ्या, पादचारी पूल, बंद फाटकं, खासगी आवार, एकेरी रस्त्यावर उलट दिशा, नदीपार जाणारी नाव (ॲपच्या लेखी तोही मार्गच), आणि मुख्य रस्ता सोडून दोनशे मीटरचा विनाकारण घातलेला वळसा. शंका आली तिथं उपग्रहाचं चित्र लावून बघा. नको असलेला तुकडा असेल तर रेघ धरून हव्या त्या रस्त्यावर ओढा. तिथं एक बिंदू तयार होतो. हा बिंदू बरोबर रस्त्यावर बसला पाहिजे. बाजूच्या गल्लीत किंवा दुभाजकाच्या पलीकडे पडला तर ॲप तुम्हाला तिथवर नेऊन परत फिरायला सांगतं. नकाशावर मुख्य रेघेतून छोटं शेपूट बाहेर आलेलं दिसलं की समजा, बिंदू चुकीचा बसलाय.

मग चढाचा आलेख. एकूण चढापेक्षा तो कुठं आणि किती तीव्र आहे हे महत्त्वाचं. टक्का काढायचा हिशोब सोपा आहे: १ किलोमीटरमध्ये ८० मीटर वर गेलात तर ८ टक्के. नवख्याला ३-४ टक्के हलक्या गियरवर जमतात, ६-७ दमवतात, १०च्या वर बरेच जण उतरून सायकल ढकलतात. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये मोठा चढ असेल तर उलट दिशेनं जाता येईल का ते बघा. आलेखात मधेच सुईसारखं टोक किंवा खोल खड्डा दिसला तर घाबरू नका. हे आकडे बहुतेकदा जमिनीच्या उंचीच्या तक्त्यांतून येतात. त्यातला एक प्रसिद्ध तक्ता २००० साली अवकाशयानातून रडारनं मोजलेला आहे आणि त्याच्या चौकटी सुमारे ३० मीटरच्या आहेत. पुलाखालची दरी आणि बोगद्यावरचा डोंगर अशा तक्त्याला दिसतो. तुमचा रस्ता दिसत नाही.

ॲपनं सांगितलेला वेळ त्यानं गृहीत धरलेल्या वेगाचा असतो. सेटिंगमध्ये स्वतःचा वेग किंवा तयारीची पातळी भरा, आणि थांबे वेगळे धरा.

शेवटी मार्ग आणि त्या भागाचा नकाशा दोन्ही फोनमध्ये उतरवा. एक उतरवून दुसरा विसरणं ही नेहमीची गफलत. मग पांढऱ्या पडद्यावर एकटी निळी रेघ दिसते. खात्री करायची तर घरीच एअरप्लेन मोड लावून मार्ग उघडा आणि झूम करा. रस्त्यांची नावं दिसली तर काम झालं.

दुसऱ्यानं दिलेली जीपीएक्स फाइल वापरताना आत काय आहे ते बघायला हवं. ‘ट्रॅक’ असेल तर त्यात जवळजवळ असलेले शेकडो-हजारो बिंदू असतात, त्यामुळे वाट नक्की राहते. पण वळणाच्या सूचना त्यात बहुधा नसतात, ॲपला त्या रस्त्यांशी जुळवून तयार कराव्या लागतात. ‘रूट’ असेल तर मोजकेच बिंदू असतात आणि मधली वाट प्रत्येक ॲप आपल्या मतीनं भरतं. एकच फाइल घेऊन निघालेल्या दोघांना दोन वेगवेगळे रस्ते दिसले तर त्यामागे बहुधा हेच असतं. ग्रुप राइडसाठी फाइल मागवताना ‘ट्रॅक’ मागा.

जिथून सुरू तिथंच संपणाऱ्या मार्गांत आणखी एक घोळ होतो. सुरुवातीलाच शेवट जवळ दिसल्यानं ॲप ‘पोहोचलात’ म्हणतं, किंवा रेघ उलटी धरतं. शेवटचा बिंदू सुरुवातीपासून शंभर-दोनशे मीटर अलीकडे ठेवा. त्याच रस्त्यानं जाऊन परत यायचं असेल तर जाण्याचा आणि येण्याचा असे दोन वेगळे मार्ग ‘सेव्ह’ करणं सगळ्यात निर्धोक.

रस्त्यावर

ताशी २० किलोमीटरनं जाताना स्क्रीनकडे दोन सेकंद पाहिलं तर सायकल ११ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून चालू सायकलवर झूम करणं, नकाशा सरकवणं, मेसेज बघणं यातलं काहीही नको. निघण्यापूर्वीच पुढचे ३०० ते ५०० मीटर दिसतील एवढा झूम लावून ठेवा आणि नकाशा ‘जाण्याची दिशा वर’ असा फिरता ठेवा; उत्तर वर ठेवलेला नकाशा दक्षिणेकडे जाताना डावं-उजवं गोंधळात टाकतो. आवाज फोनच्या स्पीकरवर घ्या, किंवा एकाच कानात इअरफोन घाला, तोही तुमच्याकडचा वाहतूक नियम परवानगी देत असेल तर. मागून येणारी गाडी ऐकू यायलाच हवी.

उभं असताना बाण भलतीकडे दाखवत असेल तर तो बिघाड नाही. जाण्याची दिशा ॲप मुख्यतः तुमच्या हालचालीवरून ओळखतं. दहा-पंधरा मीटर पुढे गेलं की बाण सरळ होतो. उभ्या फोनला होकायंत्राचा आधार असतो आणि चुंबकाच्या माउंटमुळे तेच बहकतं.

वळण चुकलं की बहुतेक ॲप्स आपोआप नवा मार्ग काढतात. अनोळखी शहरात पत्ता शोधताना ही सोय चांगली. पण मेहनतीनं आखलेल्या मार्गावर ती बंद ठेवावी, कारण काही ॲप्स तुमची आखलेली रेघ सोडून थेट शेवटच्या ठिकाणचा जवळचा रस्ता देऊ लागतात आणि अर्धी राइड हरवते. बंद असेल तर ॲप फक्त ‘मार्ग सोडलात’ असं सांगतं. कडेला थांबा, नकाशा बघा, रेघेवर परत या.

पहिली नोंद

मोठ्या राइडआधी घराभोवती ३ ते ५ किलोमीटरची एक चाचणी फेरी करा.

१. उघड्यावर या, ॲप उघडा, सिग्नल मिळाल्याची खूण येईपर्यंत थांबा.
२. प्रकार ‘राइड’ आहे ना ते पाहा. ‘रन’ राहिलं तर वेगाऐवजी एका किलोमीटरला किती मिनिटं लागली ते दिसतं आणि कॅलरीही चुकतात.
३. ‘स्टार्ट’ दाबा, सेकंद पुढे सरकताना पाहा, स्क्रीन लॉक करून फोन खिशात टाका.
४. दहा मिनिटांनी थांबून अंतर वाढलंय का पाहा. मधे कॅमेरा उघडून एक फोटो काढा, एक फोन करा; ॲप त्यातूनही टिकतं का हे आजच कळू द्या.
५. घरी आल्यावर ‘स्टॉप’, मग ‘फिनिश’, मग ‘सेव्ह’. अनेक ॲप्समध्ये ‘स्टॉप’ म्हणजे नुसता ‘पॉज’ असतो.

आता नकाशावरची रेघ नीट पाहा, सगळं तीच सांगते. इमारतींमधून नागमोडी गेलेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झोके खाणारी रेघ म्हणजे सिग्नल कमकुवत. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंत घरांवरून सरळ ओढलेली रेघ म्हणजे ॲप मधे झोपलं आणि नंतर उठलं. तेवढं अंतर कावळ्याच्या उड्डाणाचं मोजलं जातं. रेघ अर्ध्यात तुटून पुढे काहीच नसेल तर ॲप बंदच पडलं. थांबलेल्या जागी सुताचा गुंता दिसला तर ऑटो-पॉज (तुम्ही थांबलात की नोंद आपोआप थांबवणारी सोय) बंद होता आणि जीपीएस जागच्या जागी भटकत राहिलं. पहिल्याला इलाज फारसा नाही. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी परवानग्यांच्या भागाकडे परत जा.

ऑटो-पॉज शहरात सिग्नलना थांबताना सोयीचा. तीव्र चढावर मात्र ताशी ४-५ किलोमीटरनं रखडत असाल तर ॲपला तुम्ही उभेच आहात असं वाटू शकतं आणि नेमकी कष्टाची मिनिटं गळतात. डोंगरात तो बंद ठेवा.

आकडे वाचताना

सरासरी वेग दोन असतात. ३० किलोमीटरला सायकल दीड तास हलती होती आणि थांब्यांसह दोन तास लागले, तर हलत्या वेळाची सरासरी २०, एकूण वेळाची १५. मित्राशी तुलना करताना दोघं एकच आकडा बघताय ना, ते पाहा. ‘कमाल वेग ७८’ असं सपाट रस्त्यावर दिसलं तर ती सिग्नलची उडी, तुमची नाही.

दोन फोनमध्ये चढाचा आकडा हमखास वेगळा येतो. जीपीएसची उंची ही जागेपेक्षा जास्त चुकते. हवेचा दाब मोजणारा सेन्सर काही फोनमध्ये असतो आणि तो छोटे चढउतार चांगले पकडतो; पण समुद्रसपाटीजवळ दाबातला १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे ८ मीटर, त्यामुळे दुपारी हवा पालटली की तुम्ही जागेवरून न हलताही उंची बदलते. बरीच ॲप्स नंतर तक्त्यावरून आकडा दुरुस्त करतात, म्हणून ‘सेव्ह’ केल्यावर तो बदललेला दिसतो.

कॅलरी हा अंदाज आहे. नाडीचा पट्टा किंवा पॉवर मीटर (पेडलवरचा जोर मोजणारं यंत्र) नसेल तर ॲपला समोरचा वारा कळत नाही. वजन नीट भरा, यापलीकडे त्यात जीव गुंतवू नका.

बोगदे आणि दाट झाडीतून नेहमी जाणाऱ्यांनी चाकाचा स्पीड सेन्सर लावावा. फोनसाठी ब्लूटूथचा घ्या. एएनटी प्लस ही सेन्सरची दुसरी बिनतारी पद्धत बऱ्याच फोनना कळत नाही. सेन्सर फोनच्या ब्लूटूथ यादीतून नाही, ॲपच्या सेन्सर यादीतून जोडायचा असतो. चाकाचा परीघ भरावा लागतो: ७०० बाय २५ टायरला सुमारे २,१०५ मिलिमीटर. नेमका हवा असेल तर टायरमध्ये नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खूण करा, सायकलवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा सरळ पुढे जा, पुन्हा खूण करा आणि मधलं अंतर मोजा. इथं १ टक्का चूक म्हणजे १०० किलोमीटरला १ किलोमीटर.

तुमचं घर नकाशावर

हे पहिली राइड अपलोड होण्याआधी करायचं. राइड जिथं रोज सुरू होते ते तुमचं घर, हे कुणालाही कळतं, आणि सोबत सायकलचा फोटो असेल तर आत काय आहे तेही. ॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये सुरुवात आणि शेवट लपवायची सोय असते. लपवलेला पट्टा चांगला मोठा ठेवा. अगदी छोटा ठेवला तर सगळ्या रेघा एकाच इमारतीभोवती तुटतात आणि घर उलट जास्तच ठळक होतं. नवी राइड आपोआप ‘फक्त मला’ दिसेल असं ठेवा आणि दाखवायची ती हातानं उघडी करा. नुसती नावं काढून टाकलेली एकत्रित माहितीही बोलते: २०१८च्या जानेवारीत स्ट्राव्हाच्या जागतिक हीटमॅपवर (सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून वर्दळीच्या जागा उजळ दाखवणाऱ्या नकाशावर) दुर्गम भागातले लष्करी तळ उजळलेले लोकांच्या लक्षात आले होते.

थेट लोकेशन घरच्या एक-दोघांनाच पाठवा. त्याला मोबाइल डेटा लागतो. रेंज गेली की खूण एका जागी थिजते. हे त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते अपघात समजून घाबरतील.

राइडनंतर

‘फिनिश’ दाबायचं विसरून सायकल गाडीवर टाकून घरी आलात, तर राइड पुसू नका. बहुतेक ॲप्समध्ये ‘क्रॉप’ किंवा ‘ट्रिम’ असतं; वेगाच्या आलेखात जिथं तो अचानक ६०-७०वर चढतो तिथून पुढचं कापा. घड्याळ आणि फोन दोन्हींवर नोंद केली असेल तर एकच ठेवा, नाहीतर महिन्याचे किलोमीटर दुप्पट दिसतात.

आवडलेल्या राइड जीपीएक्समध्ये काढून वेगळ्या जपा. ही साधी मजकुराची फाइल असते. उघडून पाहिली तर ओळीमागून ओळ एकेक बिंदू दिसतो: अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते, त्यामुळे सकाळी निघालात आणि फाइलमध्ये रात्रीचा आकडा दिसला तरी काही बिघडलेलं नाही. ॲप दाखवताना ते स्थानिक वेळेत बदलून घेतं.

ॲप अडकलं, नोंद दिसेनाशी झाली, तर ते काढून पुन्हा टाकायची घाई करू नका. अपलोड न झालेली राइड फक्त फोनमध्ये असते आणि ॲप काढलं की तिच्यासकट जाते; लॉग आउट केल्यानंही काही ॲप्समध्ये तेच होतं. फोन वायफायला जोडा, ॲप उघडं ठेवा, आणि अपलोड पूर्ण झाल्याची खूण आल्यावरच पुढचं काय ते करा.